राहिलेले रोजे, मर्जीचे रोजे

ईद झाली की दुसऱ्याच दिवशी घराघरांत एक प्रश्न निघतो. शव्वालचे सहा रोजे आधी धरायचे की रमजानमध्ये राहिलेले? सासूबाई एक सांगतात, मशिदीतले मौलाना दुसरं, आणि आखातातल्या भावाने फोनवर पाठवलेला व्हिडिओ तिसरंच. गंमत अशी की तिघंही बहुतेक वेळा बरोबर असतात, आपापल्या मजहबाप्रमाणे, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरेप्रमाणे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले कोकणी मुसलमान पिढ्यानपिढ्या शाफई. घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात बहुतेक हनफी. आणि सौदीतून येणारे फतवे बरेचसे हंबली वळणाचे. त्यात कोकणातल्या कित्येक गावांत इमाम उत्तरेतल्या हनफी मदरशात शिकलेले. मग एकाच घरात तीन उत्तरं मिळाली तर नवल काय! म्हणून पहिलं काम हे की आपलं घर कोणत्या मजहबाचं ते नक्की करा आणि त्याच मजहबाच्या एका आलिमाला विचारत जा. सोयीचं उत्तर मिळेपर्यंत दारं बदलू नका. हा लेख हनफी आणि शाफई घरांपुरता आहे. शिया आणि बोहरा घरांचे मसले वेगळे असतात, ते त्यांनी आपल्या आलिमांकडून घ्यावेत.

कजा कोणावर?

कुरआनच्या दुसऱ्या सूरेत, 184 आणि 185 या आयतींत, आजारी आणि प्रवासी माणसाला रमजानमध्ये रोजा सोडून देण्याची मुभा आहे आणि तेवढे दिवस पुढे भरून काढायला सांगितलं आहे. एका रोजाच्या बदल्यात एक रोजा, हा कजेचा, म्हणजे राहिलेल्या रोजाच्या भरपाईचा, साधा हिशेब. बाळंतीण आणि पाळीत असलेली बाई यांना तर त्या दिवसांत रोजा धरायचाच नसतो. त्यांनी नंतर धरावा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी वाटली तर तिलाही सूट. हनफी मताप्रमाणे तिच्यावर फक्त कजा येते. शाफई मतात भीती केवळ बाळासाठी असेल तर कजेबरोबर फिदयाही, म्हणजे गरिबाला धान्यही, द्यावा लागतो, स्वतःच्या तब्येतीसाठी सोडला असेल तर नुसती कजा. काहीही कारण नसताना ज्याने रोजा धरला नाही त्याच्यावरही कजा आहेच, शिवाय तौबा.

आता थोडं बायकांच्या बाजूने बोलतो, कारण कजेचं खरं ओझं त्यांच्यावर असतं आणि त्याबद्दल घरात कोणी तोंड उघडत नाही. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत दर रमजानमध्ये पाच-सात रोजे राहणारच. पाळीत सुटलेल्या नमाजा भरायच्या नाहीत पण रोजे भरायचे, ही शिकवण हजरत आयेशा (र.) यांच्याकडून आली आहे. मावळतीला पाच मिनिटं उरलेली असताना पाळी आली तरी त्या दिवसाचा रोजा गेला, तो कजेत धरायचा. त्यावर दोन-तीन बाळंतपणं लागोपाठ झाली की आकडा साठ-नव्वदवर जातो. रमजानमध्ये सगळं घर पहाटे उठतं, इफ्तारला ताटं मांडली जातात, शेजारून फळं येतात. तीच बाई कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत कजेचा रोजा धरते तेव्हा एकटी उठते, गारढोण भाकरी खाते, सगळ्यांचे डबे भरते आणि संध्याकाळी दुसऱ्यांचा चहा ओतता ओतता खजुरावर रोजा सोडते. रोजा आहे हे कोणाला सांगायचंही नाही, कारण सांगितलं तर का राहिला ते सांगावं लागेल!

ही लाज दीनने घातलेली नाही. हदीसमध्ये हा विषय उघडपणे आला आहे, आणि हजरत आयेशांनी स्वतः सांगितलं आहे की आपले राहिलेले रोजे शाबानच्या, म्हणजे रमजानच्या अलीकडच्या महिन्याच्या, आधी भरणं त्यांना जमत नसे. पैगंबरसाहेबांच्या घरात हे बोललं जात होतं, मग आपल्या घरात का नको? नवऱ्याने, सासूने कजेच्या दिवसात एवढं केलं तरी पुरे: पहाटे एकाने सोबत उठावं, त्या दिवशी पाहुणे बोलावू नयेत, इफ्तारच्या वेळी तिला स्वयंपाकघरातून बाहेर बसवावं. नवरा घरी असताना बायकोने मर्जीचा रोजा त्याच्या संमतीने धरावा असं हदीसमध्ये आहे. कजेचा रोजा फर्ज आहे, त्याचं वजन वेगळं. पुढचा रमजान तोंडावर आला असेल तर नवऱ्याला ‘नको’ म्हणायची जागाच उरत नाही.

वही

रमजान संपताच राहिलेल्या रोजांचा आकडा लिहून ठेवा. दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर, फोनमध्ये, कुठेही, पण लिहा. डोक्यात ठेवलेला आकडा दर वर्षी एक-दोनने कमी होतो, वाढत मात्र कधीच नाही. एक रोजा भरला की एक खूण. मुलींना पहिल्या पाळीच्या वर्षापासून ही सवय लावली तर चाळिशीत बसून अंदाज बांधायची वेळ येत नाही.

ज्यांची ती वेळ आली आहे त्यांनीही घाबरू नये. बालिग झाल्यापासूनची वर्षं मोजा, त्यातली धरलेली वजा करा, आणि जिथे आठवत नाही तिथे मन ज्या आकड्यावर ठाम बसतं तो घ्या, शंका असेल तर थोडा वरचा. नियत करताना ‘माझ्यावर असलेला सर्वांत जुना कजा रोजा’ एवढं मनात आणलं की भागतं. अमुक सालचा अमुक दिवस, असा छडा लावत बसायची गरज नाही. राहिलेले रोजे लागोपाठ धरायचं बंधनही नाही. आठवड्याला दोन धरले तर पूर्ण रमजानचे तीस रोजे पंधरा आठवड्यांत, म्हणजे साडेतीन महिन्यांत फिटतात. साठ असतील तर सात महिने. ऐकायला डोंगर वाटतो, पण सोमवार-गुरुवारची लय एकदा बसली की शरीर कुरकुर करत नाही.

आणि थंडी गाठा. कजेचा रोजा मूळ रोजाइतक्याच तासांचा असावा असं कुठेही नाही. 2018 चा रमजान मे-जूनमध्ये आला होता. तेव्हा मुंबईत पहाटेपासून मावळतीपर्यंत साडेचौदा तासांच्या आसपास रोजा होता, उकाडा वेगळाच. त्यातले राहिलेले रोजे डिसेंबरच्या अखेरीस धरले तर सव्वाबारा-साडेबारा तासांत भागतात आणि तहानही फारशी लागत नाही. हिजरी वर्ष सूर्यवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दर वर्षी मागे सरकतो. 2030 मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. पुढची काही वर्षं रमजानच थंडीत आहे. उन्हाळ्यातल्या जुन्या कजेची वही मिटवायला यापेक्षा सोपा काळ पुन्हा लवकर येणार नाही.

पहाटेची चूक

रमजानबाहेर रोजा धरताना एक चूक फार होते आणि तिच्यामुळे रोजेच्या रोजे वाया जातात. रमजानमध्ये सहेरी संपल्याची सूचना मशिदीतून होते, काही ठिकाणी भोंगा वाजतो. इतर महिन्यांत तसं काही नसतं. लोक फजरच्या अजानपर्यंत खात राहतात. पण रमजान सोडून बऱ्याच मशिदींत फजरची अजान सुबह सादिक, म्हणजे खरी पहाट, झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी, कधी त्याहून उशिरा होते. सहेरीची वेळ तोवर केव्हाच संपलेली असते. म्हणून अजानवर विसंबू नका. मशिदीत वर्षभराचा वेळांचा तक्ता लावलेला असतो, त्यात ‘खत्म सहर’ किंवा ‘सुबह सादिक’चा रकाना पाहा आणि दोन-चार मिनिटं आधीच हात धुवा. तक्ताही आपल्याच गावचा हवा. मुंबई आणि नागपूरच्या वेळांत पंचवीसेक मिनिटांचा फरक आहे. मुंबईच्या नातेवाइकाने पाठवलेल्या वेळेवर नागपूरकराने सहेरी खाल्ली तर त्या दिवसाचा रोजा गेलाच समजा.

दुसरी गोष्ट नियतीची. कजेच्या रोजाची नियत रात्रीच, सुबह सादिकच्या आत झाली पाहिजे. यात हनफी-शाफई दोघं एक आहेत. जिभेने म्हणायची सक्ती नाही, मनात ठरलेलं असलं की झालं. रात्री ठरवून झोपलात आणि सहेरीला जागच आली नाही तरी रोजा चालू ठेवता येतो, सहेरी सुन्नत आहे, अट नाही. पण सकाळी आठला उठून ‘आज काही खाल्लं नाही, चला कजा धरू’ असं म्हटलं तर ती कजा होत नाही, फार तर नफल, म्हणजे मर्जीचा रोजा, होईल. नफलला मात्र ही सवलत आहे. पैगंबरसाहेब सकाळी घरात खायला काही आहे का विचारत आणि नाही म्हटल्यावर रोजाची नियत करत, असं हदीसमध्ये येतं. तेव्हा नफलची नियत दुपार व्हायच्या आत करता येते, पहाटेपासून काही खाल्लं-प्यालं नसेल तर. हनफी हिशेबाने ही हद्द जवालच्या, म्हणजे सूर्य माथ्यावरून ढळण्याच्या, थोडी आधीच संपते.

विसरून खाल्लं तर? आठवताच थांबा, चूळ भरा आणि रोजा पूर्ण करा. कजा असो, नफल असो, विसरून खाल्ल्याने तो मोडत नाही.

सहा रोजे आधी की कजा?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. रमजानचे रोजे धरून पाठोपाठ शव्वालचे सहा धरणाऱ्याला वर्षभर रोजे धरल्याचं पुण्य मिळतं, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू अय्यूब अन्सारी (र.) यांच्याकडून आली आहे. एका नेकीचं दहापट पुण्य, म्हणून तीस आणि सहा मिळून छत्तीस, त्याचे तीनशे साठ. ‘रमजान धरून मग’ या शब्दांवरूनच सगळा वाद आहे. हंबली मताचे आलिम म्हणतात, ज्याचा रमजान अजून पुरा झाला नाही त्याने सहाला हात लावू नये. हनफी मतात कजेला मोकळा वेळ आहे, त्यामुळे सहा आधी धरले तरी हरकत नाही. शाफई मतात दोन भाग पडतात: सबळ कारणाने राहिले असतील तर सहा आधी चालतील, पण कजा आधी बरी, विनाकारण सोडले असतील तर कजा ताबडतोब करायची, मर्जीच्या रोजांचा विचार नंतर.

माझं मत विचाराल तर, ज्यांचे पाच-सात राहिलेत त्यांनी कजा उरकूनच सहाकडे वळावं. शव्वाल एकोणतीस-तीस दिवसांचा असतो, सहा लागोपाठ धरायची अटही नाही, दोन्ही बसतात. ज्यांचे बाळंतपणामुळे तीस राहिलेत त्यांना शव्वालमध्ये दोन्ही जमणार नाहीत. त्यांनी हनफी असल्यास सहा धरून कजा पुढे न्यावी किंवा सहाचा नाद सोडून कजेला लागावं, दोन्ही ठीक. पण सहा रोजांचं कौतुक सगळ्या आळीत आणि चाळीस कजा वर्षानुवर्षं तशाच, हे काही खरं नाही. देणं डोक्यावर ठेवून दानधर्म करणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

मर्जीचे दिवस

नफल रोजांचे ठरलेले दिवस बहुतेकांना माहीत असतात: सोमवार आणि गुरुवार, दर हिजरी महिन्याची 13, 14, 15 तारीख, जिलहिजची 9 म्हणजे अरफाचा दिवस, आणि मोहरमची 10, जिच्यासोबत 9 किंवा 11 धरावी. हाजी अरफातच्या मैदानात असतात त्यांनी मात्र अरफाचा रोजा न धरणं बरं. भारतात चाँद बहुधा सौदीच्या एक दिवस मागे असतो, म्हणून अरफा कोणत्या दिवशी यावर दर वर्षी वाद होतो. इथल्या बहुतेक आलिमांचं म्हणणं इथल्या चाँदाप्रमाणे 9 तारीख धरावी असं आहे. दुबईत असणाऱ्या मुलाने तिथल्याप्रमाणे धरावा आणि चिपळूणच्या आईने इथल्याप्रमाणे. त्यावरून फोनवर भांडू नये.

कजा बाकी असलेल्यांसाठी यात एक युक्ती आहे. या दिवसांत रोजा धरा, पण नियत कजेची करा. कजा निश्चित फिटते, आणि त्या दिवसाचं पुण्यही पदरात पडेल असं बरेच शाफई आलिम सांगतात. हनफी मतातही कजा आणि नफल अशा दोन्ही नियती एकत्र केल्या तर तो रोजा कजेतच जमा होतो. शबे मेराजच्या आणि शबे बारातच्या दुसऱ्या दिवशीच्या रोजांवरून आपल्याकडे दर वर्षी वाद रंगतात, ते साबित आहेत की नाहीत. कजेची नियत करून टाका, वादच मिटतो.

जे दिवस वर्ज्य आहेत ते पाच: ईदुल फित्रचा दिवस, आणि बकरी ईदचा दिवस धरून जिलहिजची 10 ते 13. या पाचांत नफलही नाही, कजाही नाही. नुसता शुक्रवार निवडून नफल धरणं आवडतं मानलेलं नाही. आदला किंवा पुढचा दिवस जोडा. ज्याला रोज रोजा धरायची हौस आहे त्याच्यासाठी हद्द ठरलेली आहे. हजरत दाऊद (अ.) यांचा एक दिवसाआडचा रोजा हा नफलचा वरचा टप्पा, त्यापुढे जाऊ नये असं पैगंबरसाहेबांनी अब्दुल्लाह बिन अम्र (र.) या तरुण साथीदाराला बजावलं होतं.

नफल रोजा मध्येच सोडता येतो का? समजा, दूरचा पाहुणा आला आणि एकटा जेवायला तयार नाही. हजरत सलमान फारसी (र.) हे अबू दर्दा (र.) यांच्याकडे गेले तेव्हा नेमकं हेच झालं. यजमानांनी जेवण वाढलं आणि आपला रोजा असल्याचं सांगितलं. सलमान म्हणाले, तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. अबू दर्दांनी रोजा सोडला. ते इबादतीत इतके बुडाले होते की घराकडे, बायकोकडे लक्षच राहिलं नव्हतं, आणि सलमानांनी त्यांना तेही सुनावलं. पुढे पैगंबरसाहेबांनी सलमानांची बाजू बरोबर ठरवली. तेव्हा नफल सोडता येतो. शाफई मतात त्याची भरपाई आवश्यक नाही, केली तर चांगली. हनफी मतात पुढे एक रोजा धरणं वाजिब आहे. कजेचा रोजा मात्र पाहुण्यासाठी मोडू नये. कोणत्याही मजहबात एकदा सुरू केलेली कजा विनाकारण मोडणं गुन्हा आहे. मोडलीच तर बदल्यात एकच रोजा येतो, कफ्फारा येत नाही. साठ रोजे लागोपाठ धरण्याचा, ते झेपत नसेल तर साठ गरिबांना जेवू घालण्याचा कफ्फारा खुद्द रमजानातला रोजा जाणूनबुजून मोडल्याबद्दल आहे: हनफी मतात खाण्यापिण्याने मोडला तरी, शाफई मतात केवळ शरीरसंबंधाने मोडला तर.

फिदया कोणाचा चालतो?

‘मौलानांना पैसे दिले, माझे रोजे फिटले’ असं म्हणणारी धडधाकट माणसं मी पाहिली आहेत. फिदया त्यांच्यासाठी नाही. तो अतिवृद्ध माणसासाठी आणि बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णासाठी आहे. टायफॉईड झाला, ऑपरेशन झालं, हाड मोडलं, ही कारणं तात्पुरती आहेत. बरं झाल्यावर रोजाच धरावा लागेल. जिवंत माणसाच्या बदली दुसऱ्याने रोजा धरणंही चालत नाही, मग तो पैसे घेऊन धरो की प्रेमाने.

हनफी हिशेबाने एका रोजाचा फिदया म्हणजे एका गरिबाला दोन वेळचं पोटभर जेवण, किंवा सदका-ए-फित्रइतका गहू अथवा त्याची किंमत. वजन कुठे पावणेदोन किलोच्या आसपास सांगतात, कुठे दोन किलोच्या थोडं वर. स्थानिक मशीद दर रमजानमध्ये रक्कम जाहीर करते, ती घ्यावी. शाफई मतात एक मुद्द धान्य, तेही त्या भागाच्या रोजच्या खाण्यातलं, म्हणजे कोकणात तांदूळ, पाऊण किलोच्या आत-बाहेर. फिदया दिल्यावर रुग्ण बरा झाला तर हनफी मतात कजा पुन्हा अंगावर येते.

दुसरा रमजान आला तरी आधीची कजा तशीच राहिली, तर? हनफी मतात उशीर वाईट, पण वेगळा दंड नाही, कजाच करायची. शाफई मतात सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर कजेबरोबर दर रोजामागे एक मुद्द, आणि वर्षं वाढत गेली तर तो वर्षागणिक वाढतो. कोकणातल्या घरांनी हे ध्यानात ठेवून शाबानची वाट न पाहता कजा उरकावी.

मधुमेह, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे विकार असलेल्यांनी कजेचा कार्यक्रम आखण्याआधी डॉक्टरला भेटावं. इन्सुलिनची मात्रा आणि गोळ्यांच्या वेळा रोजाच्या दिवसासाठी बदलाव्या लागतात, त्या आपल्या मनाने बदलायच्या नाहीत. रोजा चालू असताना साखर फार खाली गेली तर तो तिथेच सोडणं शरीयतलाही मान्य आहे. तो दिवस पुन्हा धरता येईल. डॉक्टर कायमचा नको म्हणाले तर फिदया आहेच.

एखादा माणूस आजारातून उठलाच नाही, कजा करायची संधीच मिळाली नाही आणि वारला, तर त्याच्यावर काही बाकी नाही. वारसांनी जीव टांगणीला लावू नये. संधी मिळूनही राहिली असेल तर शाफई मतात जवळचा नातेवाईक त्याच्या वतीने रोजे धरू शकतो किंवा धान्य देऊ शकतो. हनफी मतात दुसऱ्याचे रोजे धरता येत नाहीत. मयताने वसीयत केली असेल तर मालमत्तेच्या एक तृतीयांशातून फिदया द्यावा, नसेल केली तर वारसांनी आपल्या खुशीने दिला तरी चांगलं. पण वारसांना आकडा माहीत असेल तरच हे शक्य आहे. म्हणून कजेची वही कुठे ठेवली आहे, ते घरातल्या एका माणसाला आजच सांगून ठेवा.